मुक्ताच्या चोवीस पिशव्या

भाऊजी, तुम्हाला जाऊन सतरा दिवस झाले आणि घरात चहाच्या पिशव्यांचे चार खोके जमले आहेत. भेटायला येणाऱ्यांना वाटतं, म्हातारी आता एकटी, एका कपासाठी आधण कशाला ठेवील? काल शेजारची सुमन आली. खोका टेबलावर ठेवून म्हणाली, "काकी, एकटीसाठी भांडं कशाला चढवायचं? बुडवायचं नि प्यायचं. चोथा नको नि गाळणं नको." मी बरं म्हटलं. ती गेल्यावर तुमची छोटी कात्री काढली, पांढरी बशी घेतली आणि चारही खोक्यांतली एकेक पिशवी कापून ओतली.

शी! एकीत काळी भुकटी, फुंकर मारली तर उडेल अशी. दुसरीत तपकिरी काड्या आणि तंतू, केरसुणीचे असावेत तसे. तिसरीला चहाचा वासच नव्हता, पुठ्ठ्याचा होता. चौथीला लिंबाचा वास मारलेला, फरशी पुसायच्या औषधासारखा. मी हात साबणाने धुतले. तुम्ही असतात तर बशी नाकाशी नेऊन म्हणाला असतात, "वहिनी, याला चहा म्हणायचं, तर करवतीखालच्या भुशाला सागवान म्हणायला हवं."

हे लिहिते आहे तुम्हाला, पण पाकिटावर पत्ता असेल तो मुक्ताचा आणि तिच्या धाकट्या भावाचा, इंग्लंडातला. त्यामुळे तुम्हाला ठाऊक असलेलंही मधूनमधून सांगेन. ते नातवंडांसाठी आहे असं समजा. तुमचं गाव, शिक्षण, नोकरीची वर्षं मी लिहिणार नाही. ते इथल्या पेपरात छापून आलं, आणि त्यात तुम्हाला 'चहाचे व्यापारी' केलंय. तुम्ही आयुष्यात पावशेर चहा कुणाला विकला नाहीत. तुम्ही कलकत्त्याला चहा चाखून थुंकत होतात आणि त्याचा पगार घेत होतात.

त्या कामाची मला किळस यायची, हे मी कधी लपवलं नाही. निवृत्त होऊन तुम्ही इथे मांडवीला आमच्याकडे राहायला आलात, तेव्हा तुमचे भाऊ, मुक्ताचे आजोबा, हयात होते. पहिल्याच सकाळी पडवीत सहा कप ओळीने मांडलेत, चमचा तोंडाशी नेलात आणि असा आवाज काढलात की मोरीचा बोळा निघाला असं वाटून मी धावत आले. पुढे तो चहा दोन्ही गालांत खेळवलात आणि पितळी तस्तात पिचकारी मारलीत. एकदा नाही, सहा वेळा.

"शी, भाऊजी! घरात देव आहेत."

"देव तरी नैवेद्य कुठे गिळतात, वहिनी? चाखून सोडूनच देतात ना?"

तुमचे भाऊ पोट धरून हसले. मी हसले नाही. तस्त तुमचं तुम्ही धुवायचं, हा नियम मी त्याच दिवशी केला आणि तुम्ही तो पाळलात. तुमचे भाऊ गेल्यावर या घरात आपण दोघंच उरलो. तेव्हाही रोज सकाळी तुम्ही तस्त घासून, पुसून, पालथं घालून ठेवत होतात. आता ते पालथंच आहे.

आपलं भांडण एकच होतं आणि ते मिटलं नाही. मला चहाची पिशवी आवडायची. मोजकी, कोरडी, कप्प्यात ओळीने बसणारी. सांडलवंड नाही, मोरीत चोथा अडकत नाही. तुम्ही म्हणायचात, "वहिनी, तुम्हाला चहा नकोय. तुम्हाला नीटनेटकेपणा हवाय." मी म्हणायचे, दोन्ही मिळालं तर बिघडलं कुठे? त्यावर तुम्ही जे सांगायचात ते मी इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन. पिशवी वाईट नसते. पिशवीत काय भरलंय ते दिसत नाही, म्हणून भरणारा वाईट होतो. चहाची पानं चाळता चाळता सगळ्यात खाली जे उरतं, जे उघडं विकलं तर कुणी बोटही लावणार नाही, ते कागदात शिवून टाकतो. भुकटीचा तुम्हाला राग नव्हता. मिरकरवाड्याच्या धक्क्यावर ट्रॉलरवरचे खलाशी भुकटीच उकळतात, आणि तुम्ही तिथे जाऊन दोनदोन ग्लास पिऊन यायचात, वर मला सांगायचात की तुमच्या चहापेक्षा बरा असतो. ती भुकटी भुकटी म्हणूनच विकली जाते आणि उकळण्यासाठीच असते. राग होता तो सोंगाचा.

मुक्ता अकरा वर्षांची होती, तेव्हा सुट्टीत आली आणि तुमच्या पडवीत येऊन बसली ती उठेचना. तिच्या आईला वाटलं, दोन दिवसांत कंटाळेल.

"काकाआजोबा, चांगली पिशवी कशी ओळखायची?"

"आधी कापायची."

"मग प्यायची कशी?"

"दुसरी प्यायची. पहिलीचा पंचनामा करायचा."

तिने बशीत पिशवी कापली. तुम्ही तिचं बोट धरून त्या चुऱ्यात फिरवलंत. दाणे सारखे हवेत, रव्यासारखे, पिठासारखे नाहीत. बोट काळं झालं तर ती धूळ. रंग काळा आणि तुकतुकीत हवा, राखाडी दिसला तर माल जुना. मधे तंतू दिसले तर कुणीतरी काड्यासुद्धा दळल्यात. पिशवी ऐसपैस हवी, "जेवायला बसलेला माणूस पट्टा सैल करतो ना, तशी पानालाही फुगायला जागा लागते." शेवटी रिकामी पिशवी नुसत्या गरम पाण्यात बुडवून ते पाणी तुम्ही तिला प्यायला दिलंत. तिने तोंड वाकडं केलं. "कागद लागतोय!" "लागतोय ना? मग तो कागद चहात पण लागणार. नापास."

आणि मग म्हणालात, "सगळ्यात मोठी गोष्ट ऐक. चहा वासाचा हावरा असतो. शेजारी जे असेल ते ओढून घेतो. त्याला शेजार देऊ नये." मी तेव्हा आत खोबरं किसत होते. हे वाक्य मी ऐकलं होतं. मी ऐकलं नव्हतं असं मला म्हणता येणार नाही.

त्याच आठवड्यात पोरगी थुंकायला शिकली. तिची आई हताश होऊन मला म्हणाली, "आई, आता तुम्हीच काहीतरी बोला." मी काय बोलणार? पडवीत दोन तस्तं झाली होती.

पुढची सगळी वर्षं तुमची पत्रं चालली. ती पत्रं मी वाचली नाहीत, पण तुम्ही मोठ्याने वाचत होतात. कॉलेजात गेल्यावर ती तिथल्या एका चहाच्या दुकानात दर शनिवारी काम करायला लागली. दुकानाच्या बाईंनी तिला डब्यांचे वास ओळखायला शिकवलं. ती लिहायची की शिक्षण संपलं की लंडनला चहा चाखणाऱ्यांकडे उमेदवारी करणार, आजीला सांगा की मी थुंकण्याचा पगार घेणार. तुम्ही ते पत्र घेऊन स्वयंपाकघरात आलात. तुमचा चष्मा ओला होता. मला म्हणालात, "या घरात माझ्यामागे कुणीतरी आहे, वहिनी."

त्यानंतरच्या जूनमध्ये ओळखीच्या कुणाबरोबर तिने खोका पाठवला. आत चोवीस पिशव्या. विकतच्या नव्हत्या. तीन जातींची पानं तिने स्वतः निवडलेली, स्वतः मिसळलेली, रिकाम्या कागदी पिशव्यांत स्वतः भरून, तोंडं दुमडून पांढऱ्या दोऱ्याने बांधलेली. सोबत चिठ्ठी होती: "काकाआजोबा, मी नाताळात येईन तेव्हा एकत्र चाखू. तोवर उघडू नका. आजीकडे ठेवायला द्या, तिच्याकडे काही खराब होत नाही."

कोकणातला पाऊस तुम्हाला माहीत आहे, मुक्ताला ऐकून माहीत आहे. जून ते सप्टेंबर या घरात चपला हिरव्या होतात. पुठ्ठ्याला तर आठ दिवसांत बुरशी धरते. म्हणून मी पिशव्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून काढल्या, मोजल्या, धुतलेल्या मलमलच्या रुमालात बांधल्या आणि घरात कोरडी राहणारी जी एकच जागा आहे तिथे ठेवल्या. लोखंडी कपाट, वरून दुसरा कप्पा, माझ्या रेशमी साड्यांमध्ये. त्या कप्प्यात मी दर पावसाळ्यात सहा डांबरगोळ्या ठेवते.

तुम्ही तीनदा विचारलंत, "नीट ठेवल्यात ना?" तिसऱ्यांदा मी फणकारले, "भाऊजी, माझ्याकडची वस्तू कधी खराब झालीय?"

सहा महिने, भाऊजी. वासाचा हावरा चहा, नुसत्या कागदात, सहा महिने त्या कपाटात होता.

नाताळात सगळे आले. मुक्ताला विमानातच सर्दी झालेली, नाक चोंदून लाल. दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीत तिने स्वतः कप मांडले, पाण्याला चांगली उकळी आणली, घड्याळ लावलं, वर बशा झाकल्या. आम्ही सगळे उभे होतो, परीक्षेच्या हॉलबाहेर उभे असतो तसे.

"मला आज काही वास येत नाहीये, काकाआजोबा. तुम्हीच सांगा. खरं खरं."

तुम्ही चमचा तोंडाशी नेलात. नेहमीचा आवाज झाला. मग तुमची नजर माझ्याकडे वळली आणि थांबली. मला वाटलं, तस्त शोधताय. तस्त तुमच्या पायाशीच होतं. तुम्ही त्यात थुंकला नाहीत. तो घोट तुम्ही गिळलात. इतक्या वर्षांत तुम्हाला चाखताना गिळलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

"पान जुनं आहे, बाळ," तुम्ही म्हणालात.

"जुनं? पण त्या बाईंनी नवाच डबा उघडला होता."

"त्या दुकानदार आहेत. त्या म्हणणारच."

"मी स्वतः वास घेतला होता. तीन आठवडे मी फक्त तेच करत होते." तिचा आवाज चिरकला. सर्दीमुळे असेल. "म्हणजे मला कळत नाही?"

तुम्ही कप खाली ठेवलात. "अजून नाही."

ती उठली. उरलेल्या पिशव्या घेऊन मागच्या दारी गेली आणि एकेक फाडून केळीच्या बुंध्याशी ओतल्या. कुणी तिला अडवलं नाही. मी कप उचलले आणि मोरीवर नेले. बशीत ती ओली पिशवी होती. टाकण्यासाठी उचलली आणि मला वास आला. माझ्या शालूचा वास.

तेवढ्यात सूनबाई मागे येऊन उभी राहिली. फडताळ उघडून म्हणाली, "आई, तुमच्याकडे सगळं कसं जागच्या जागी असतं हो. मला नाही जमत." मी म्हटलं, "सवयीने जमतं." आणि ती पिशवी भाजीच्या देठांखाली दाबली.

तुमच्या पिचकारीची मला किळस यायची, ती उगाच वाया घालवली. तुम्ही जे तोंडात घ्यायचात ते सगळ्यांसमोर बाहेर टाकायचात. त्यात लपवाछपवी नव्हती. मी जे लपवलं ते तीन वर्षं तोंडात धरून वावरले, चारचौघांत जेवले, देवाला फुलं वाहिली, सुमनला लोणच्याची बरणी कशी कोरडी ठेवावी ते शिकवलं.

पाहुणे गेल्यावर आठवड्याने तुम्ही बाजारातून वेखंडाची पुडी आणलीत आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवलीत. "वहिनी, कपाटात हे ठेवत जा. त्या गोळ्यांनी माझं डोकं दुखतं." इतक्या वर्षांत त्या गोळ्यांनी तुमचं डोकं कधी दुखलं नव्हतं. मी म्हटलं, "बरं." तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्हाला माहीत आहे हे मला माहीत होतं, आणि आपण दोघांनी त्यावर जेवण केलं. आमटी होती, बटाट्याची भाजी होती. तुम्ही भात परत मागून घेतलात.

मी तुमच्यावर रागावले आहे, हेही एकदा सांगून टाकते. मला पाठीशी घालायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं? हसण्यावारी नेता आलं असतं. "वहिनी, तुमच्या शालूचा काढा केलात की हो!" एवढंच म्हणाला असतात, तर मी दोन दिवस तोंड फुगवून बसले असते आणि पोरगी पोट धरून हसली असती. पण तुम्ही जाणून होतात की सुनेसमोर माझ्या कपाटाला नाव ठेवलेलं मला सोसणार नाही. म्हणून वहिनीची अब्रू राखलीत आणि पोरीचं मन मोडलंत. तुम्हाला वाटलं असेल, दुकानदाराच्या माथी मारू, पोर चार दिवसांत विसरेल. पान तिने निवडलेलं आहे हे तुमच्या ध्यानात येईपर्यंत शब्द गेला होता. आणि वास लागलेल्या चहाला चांगला म्हणणं तुमच्या जिभेला जमणारं नव्हतं. तुमचा सगळा खरेपणा तेवढ्या जिभेपुरता. माणसांच्या बाबतीत तुम्ही माझ्यासारखेच निघालात.

मुक्ताने परत गेल्यावर दुकान सोडलं. लंडनच्या उमेदवारीचा विषय तर तिने पुन्हा काढलाच नाही. आता एका विम्याच्या कचेरीत आहे. तुम्ही तिला दोन पत्रं लिहिलीत. उत्तर आलं नाही. पोस्टमन फाटकाशी आला की तुम्ही पेपर खाली करायचात आणि तो पुढे गेला की पुन्हा वर धरायचात. मी आतून बघत होते. तेव्हा एक शब्द बोलायला मला कुणाची बंदी होती?

शेवटचे सहा दिवस हॉस्पिटलात गेले. तिथल्या व्हरांड्यात चहाचं यंत्र होतं, बटण दाबलं की कोमट दूध, त्यात दोऱ्याला लोंबणारी पिशवी, वर पत्र्याची पिन. मी तुमच्यासाठी एक कप आणला, कारण दुसरं काही नव्हतं. तुम्ही उशीवरून नुसतं पाहिलंत. "पिन पण घातलीय," म्हणालात. "लोखंड उतरतं चहात. घेऊन जा ते." मग डोळे मिटून म्हणालात, "मुक्ताला फोन लावा."

मी घड्याळ बघितलं. साडेनऊ वाजले होते. म्हटलं, "तिकडे आता पहाटेचे चार. झोपलेली असेल. संध्याकाळी लावू."

तिकडे पहाटेचे चार वाजले होते हे खरं. पण पोरीला पहाटे चारला उठवलं असतं तर ती काही मेली नसती. मी का नाही लावला, ते तुम्हाला कळलंच असणार. तुम्ही काय सांगाल याची मला भीती होती, आणि त्याहून भीती याची होती की तुम्ही काहीच सांगणार नाही, मरतानाही पान जुनं होतं म्हणाल. संध्याकाळी तुम्ही शुद्धीवर नव्हतात.

अकराव्या दिवशी मुक्ताचा फोन आला. रडत होती. म्हणाली, "आजी, मी त्यांना उत्तर द्यायला हवं होतं. त्यांचं बरोबर होतं. मला कळत नव्हतं, आणि मला ते ऐकून घेता आलं नाही."

'त्यांचं बरोबर होतं' हे ऐकल्यावर मात्र मला गप्प राहणं अशक्य झालं. इतकी निर्लज्ज मी नाही. सगळं सांगितलं. कपाट, रुमाल, गोळ्या, ओली पिशवी, वेखंड.

"त्यांना माहीत होतं?"

"पहिल्याच घोटात."

"आणि तुला?"

"त्याच सकाळी. कप धुताना."

"मी तेव्हा मागच्या दारी होते, आजी. केळीपाशी. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसते ती जागा."

"हो. दिसत होतीस."

मग तिने विचारलं, "मग तो चहा होता कसा?"

भाऊजी, ती मला असं विचारत होती जणू तुम्ही मागे पडवीत बसला आहात आणि मी जाऊन विचारून येईन. मी म्हटलं, "मला माहीत नाही, बाळ. तू भरलास तो चहा कुणीच प्यायलं नाही."

"लिहून पाठव," ती म्हणाली. "सगळं. फोनवर तू सारवासारव करशील."

हे लिहायला तीन दिवस लागले. चौदा पानं झाली. मी कुणालाही पत्र लिहिते तेव्हा आधी कच्चं लिहिते आणि मग स्वच्छ प्रत काढते, हे मुक्ताला माहीत आहे, तिच्याकडे माझी पत्रं आहेत. या पानांवर खाडाखोड आहे. दोन ठिकाणी मी स्वतःला वाचवणारं वाक्य लिहून मग खोडलंय, आणि नीट पाहिलं तर खालचं वाचता येतं. ते तसंच राहू दे. हीच पानं घडी घालून पाकिटात टाकते.